केरूचं दुसरं नाव
स्पिरिटचा वास आला की मला तळवलीतला आमचा ओटा आठवतो. साठ सालच्या आसपासची गोष्ट. खाडीला ओहोटी होती, चिखलाचा वास घरापर्यंत येत होता आणि ओट्यावर बसलेला देवी टोचणारा माणूस स्पिरिटच्या दिव्यावर सुई तापवत होता. माझ्या पाठची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून चौथ्याला आईनं जन्मताच केरावर ठेवून उचललं होतं. मरणाला वाटावं, हे टाकाऊ आहे. टोचणाऱ्यानं वही उघडून बाळाचं नाव विचारलं. "केरू," आई म्हणाली. तो हसला. "बाई, सरकारी वही आहे. खरं नाव सांगा." आईनं बाळावर पदर ओढला. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात सांगितलेलं नाव मी पाळण्याशेजारी उभी राहून ऐकलं होतं. ते मी मोठ्यानं सांगून टाकलं. अंगणात बोंबील वाळत घालणाऱ्या शेजारणीचे हात थांबले. टोचून होताच आईनं बाळाला आत नेलं, मरण दारातच उभं असावं तसं भर दुपारी दार लावलं आणि हळूच म्हणाली, "मोठ्यानी बोललीस गो. आयकला आसंल त्याना." तिसऱ्या दिवशी बाळ तापलं. ताप उतरेपर्यंत आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. भाऊ वाचला, पुढे गावात केरूशेठ झाला. आज तो नेरूळच्या हॉस्पिटलात पडून आहे आणि खाटेशेजारी त्याचा नातू वंशावळीसाठी आजोबांचं खरं नाव विचारतोय. नर्सनं कापसावर स्पिरिट ओतलं. मी म्हटलं, "केरूच लिही." मग दाराकडे बघून, जरा मोठ्यानं, पुन्हा म्हटलं, "केरू."