सूर्यभानने न तपासलेली वायर

पाणी उपसायच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात वीस वर्षं गेल्यावर सूर्यभान दातांच्या दवाखान्यातल्या मोटारींकडे वळला. हात चांगला होता. श्रीरामपूरपासून नगरपर्यंतचे डॉक्टर त्यालाच बोलवू लागले. नुसता आवाज ऐकून तो दोष सांगायचा आणि बहुधा ते खरंही निघायचं. याच गुर्मीने घात केला.

बेलापुरात डॉ. राजेश्वरींचा दवाखाना. दाढ कोरायची त्यांची मोटार, मुठीत मावेल एवढी, मध्येच बंद पडायला लागली. तिथली साफसफाई, हत्यारं उकळणं सगळं राहीबाई बघायची. पाथर्डीकडची. तिचे माहेरचे, सासरचे सगळे ऊसतोडीला जाणारे. बारा महिने एका जागी काम मिळालेली घरातली ती पहिलीच.

सूर्यभानने मोटार उघडली. आत ओशट दिसलं.

"भाऊ, वायर जरा वर धरली की फिरती ती. सोडली की थांबती," राहीबाई म्हणाली.

"आत तेल कोणी घातलं?"

"मी न्हाई. पुढच्या कोरायच्या दांडीला घालते तेवढं, मॅडमनी दाखवलंय तसं."

"तेच उतरलंय आत," तो डॉक्टरांना म्हणाला. "जास्त तेल ओतलंय बाईंनी. मोटार गेली."

वायर तपासायचं मीटर बॅगेतच राहिलं. त्याला राहुरीचं काम गाठायचं होतं, आणि फरशी पुसणाऱ्या बाईने आपल्याला शिकवावं हे त्याला रुचलंही नव्हतं.

नवी मोटार आली, जुन्याच वायरीला जोडली; जोडताना वायर जरा वर ताणली गेली, म्हणून फिरली. त्याच आठवड्यात राहीबाईचं काम सुटलं. सूर्यभानला ते कळलं, तरी तो आपल्या पुढच्या कामाला लागला.

चार महिन्यांनी नवी मोटारही थांबायला लागली, तेव्हा सूर्यभानला परत बोलावलं. डॉक्टरांनी वायर वर उचलली, तशी ती फिरली. सूर्यभानने या वेळी मीटर बाहेर काढलं. मीटर लावून त्याने वायर वाकवली. मीटरचा आवाज येई, बंद होई. पिनेपाशी तार आतून तुटली होती. त्याने वायर बदलली, मग जुनी मोटार मागून घेतली, पुसून जोडली. तीही सुरळीत फिरली.

"मॅडम, चूक माझी होती. राहीबाईंचा काही दोष नव्हता."

डॉक्टरांनी मोटार बंद केली. "आता दुसरी ठेवलीय हो मी. तिला कसं काढू?"

राहीबाई त्याला राहुरीजवळ उसाच्या फडात सापडली. मोळी बांधत होती. त्याने सगळं सांगितलं.

"मी सांगितलं हुतं तुमाला."

"सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"मग आमच्या मानसांना सांगा तेवढं. मशीन बिघडवलं म्हनून समदी बोलत्यात मला."

तिचा नवरा आसाराम आणि टोळीतली माणसं यांच्यासमोर सूर्यभानने मोठ्याने सांगितलं, की चूक आपली होती. आसारामने मान हलवली आणि मोळी उचलून ट्रककडे निघाला. निघताना सूर्यभानने राहीबाईचा नंबर घेतला.

त्यानंतर ज्या ज्या दवाखान्यात तो गेला तिथे तिच्यासाठी शब्द टाकला. मार्च सरता सरता राहुरीच्या एका डॉक्टरांनी होकार दिला. दवाखान्याच्या पायरीवरूनच त्याने फोन लावला.

"उशीर झाला, भाऊ," राहीबाई म्हणाली. "पुढच्या सालाच्या ऊसतोडीचा टोळीच्या मुकादमाला शब्द दिलाय आमी."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"नगं. तुमी आता काई बोलू नगा."

तिने फोन ठेवला. आत डॉक्टर थांबले होते, त्यांना सांगायला सूर्यभान पायऱ्या चढला.