डोणीवरचा खडू

“खडू भरल्याशिवाय फोटो काढायचा नाही,” साहेबांनी बजावलं.

आम्ही आंदर मावळातल्या एका वस्तीवर उभे होतो. समोर गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी. तिच्या काठावर काही चरे होते. लोणावळ्यात बंगला बांधून राहिलेल्या या रिटायर्ड इंजिनियरसाहेबांना ती हिब्रू अक्षरं वाटत होती. बायबलमधल्या सॉलोमन राजाची जहाजं कोकणात लागली आणि त्याची माणसं घाट चढून इथं आली, असा त्यांचा दावा. लोणावळ्यात माझा फोटो स्टुडिओ होता, म्हणून मला आणलेलं.

कोरलेल्या दगडाचा फोटो तिरप्या उन्हात घ्यायचा असतो. खोलगट जागी सावली पडते आणि जे कोरलंय ते आपोआप दिसतं. खडू भरला की दिसतं ते भरणाऱ्याच्या मनातलं. साहेब पिशवीत खडू शोधत होते तेवढ्यात मी काचेच्या प्लेटवर एक फोटो घेऊन ठेवला. मग त्यांनी दोन चरे खडूनं जोडले, एक नवाच ओढला. झालं अक्षर तयार!

डोणीचे मालक, सत्तरीचे आबा, बघत होते. “सायेब, ही माझ्या बानं घडवलीया. दगड घडवायच्या टाकीला धार लावली की काठावर मारून बघायचा. त्येचंच घाव हायेत हे.”

“याला काय कळतंय?” साहेब मला म्हणाले.

मी कॅमेरा लावला. खडूवाला फोटो काढला. त्यासाठी माझीच मला आजही चीड येते.

फोटो पेपरात आला, खाली माझं नाव. आठवड्यात साहेबांची बैलगाडी डोणी बंगल्यावर न्यायला वस्तीवर गेली. आबांना विचारलंसुद्धा नाही. उतारावर दोर तुटला, डोणीचे दोन तुकडे झाले.

मग पुण्याहून हिब्रू शिकवणारे एक प्रोफेसर स्टुडिओत आले. पेपर टेबलावर आपटून म्हणाले, “अक्षरं आधी वाचली, की खडू आधी भरला?”

“खडू आधी.”

मी पहिली प्लेट काढून दिली. त्यांनी ती खिडकीशी धरली.

“यात एकही अक्षर नाही. हे ठाऊक असून तुम्ही तो दुसरा फोटो दिलात?”

“ती प्लेट तुम्हीच घेऊन जा,” मी म्हणालो.

त्यांचा खुलासा त्याच पेपरात आला, आतल्या पानावर, चार ओळींत. साहेबांची भाषणं चालूच राहिली. आबांना खुलासा वाचून दाखवायला मी वस्तीवर गेलो. ते गुरं घेऊन लांबच्या ओढ्याकडं निघाले होते.

“मी तवाच सांगितलं व्हतं,” ते म्हणाले. “तुमी बी हितंच हुता की.”

तेव्हापासून दगडाचा फोटो काढायचा असला की गिऱ्हाइकाच्या हातातला खडू आधी काढून घेतो. ऐकलं नाही, तर कॅमेरा पेटीत घालून घरी येतो.