सिस्टरचा त्रासदायक वर्ग

ती रिकाम्या खाटेवर तळहात आपटायची आणि म्हणायची, "झोप. अन् हालू नको." समोर पेशंट नसायचा, नवी नर्स असायची.

अकोल्याच्या एका खासगी रुग्णालयातली ही जुनी सिस्टर बाळापूरहून रोज एसटीने यायची. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही, तर त्याच्या पाठीला जखमा होतात. हे ती फळ्यावर शिकवत नसे. शिकणाऱ्यालाच तासभर निश्चल पडायला लावी. खाजवायचीसुद्धा बंदी. शेवटी विचारी, "आता समजलं त्याले कसं वाटते?" एवढाच धडा.

मी तिथला प्रशिक्षण अधिकारी. कर्मचारी जे शिकतात त्याने रुग्णालयाचा काय फायदा होतो, हे मोजून व्यवस्थापनाला सांगायचे, हे माझे काम. ते कसे मोजतात हे मला ठाऊक नव्हते, म्हणून मी एक फॉर्म काढला: प्रशिक्षण कसे वाटले? असे फॉर्म तुम्हीही भरले असतील, तेव्हा पुढचे ओळखलेच असेल. चिखलदऱ्याला नेऊन ऐकवलेल्या 'सकारात्मक विचार' या व्याख्यानाला सगळ्यांनी 'उत्तम' दिले. त्यात गरम भज्यांचा वाटा मोठा होता. सिस्टरच्या वर्गापुढे जवळपास सगळ्यांनी लिहिले, 'त्रासदायक'.

मी रंगीत आलेख काढला. भजी शिखरावर, सिस्टर तळाशी.

वर्ग बंद करण्याच्या शिफारशीवर मी सही करणार, तेवढ्यात ती खोलीत आली. "सायेब, कागद काय पाहून राहिले? वॉर्डात चला, पेशंटची पाठ पाहा." मी म्हणालो, बघू. वॉर्ड एक जिना खाली होता. मी उतरलो नाही. शिवाय न झालेली जखम कोणत्या रकान्यात भरायची, हे मला सुचत नव्हते.

वर्ग बंद झाला. काही महिन्यांनी ती नोकरी सोडून गेली. मला उत्कृष्ट अधिकाऱ्याची ढाल मिळाली.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, यंदा खुब्याचे हाड मोडून मी त्याच वॉर्डात तीन आठवडे पडून होतो. एक प्रौढ नर्स दर दोन तासांनी मला वळवायची. शेवटच्या दिवशी तिने भिंतीकडे कूस करवून पाठीवरून हात फिरवला. "साफ आहे, बाबा."

हे कोणी शिकवले, मी विचारले. तिने सिस्टरचे नाव घेतले. सिस्टर गेल्या वर्षी वारल्याचेही सांगितले. मग हसून म्हणाली, "लय तरास द्यायच्या. मीबी फॉर्मात तसंच लिवलं होतं. मंग कोन्या सायबानं वर्गच बंद केला."

माझे तोंड भिंतीकडे होते. मी ते तसेच राहू दिले.