पाचवं कपाट

तुमच्या घरात फ्रीज आला तेव्हा तो कुणी निवडला होता? दुकानात कोण गेलं होतं, टेम्पोतून उतरवताना "हळू, हळू" म्हणून कोण ओरडत होतं, ते विचारत नाही. त्यात दिवसातून वीस वेळा जिचा हात जाणार होता तिला कुणी काही विचारलं होतं का, एवढंच विचारतो. बाईनं स्वतः निवडलेला असा मला एकच फ्रीज ठाऊक आहे. तो निवडणारी माझी इंदूआत्या दीड महिन्यापूर्वी कोल्हापुरात वारली.

त्या दिवशी मी राधानगरीला होतो. धरणाखालच्या एका गावातली सभा आटोपून आम्ही चौघे स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेत होतो. निरोपासाठी तिथलाच नंबर मी घरी देऊन ठेवला होता. गल्ल्यावरचा माणूस फोनवर हात ठेवून ओरडला, "पावणं, तुमच्यात दिनकर कोण हाय? कोल्हापूरचा फोन हाय." पलीकडं आत्याचे यजमान होते. त्यांना मी मामा म्हणतो. "इंदू गेली. ये," एवढंच म्हणाले. चार दिवस ताप होता, मग कावीळ निघाली, हे मला नंतर कळलं. मी राजारामपुरीतल्या घरी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि माणसं भिंतीला टेकून बसली होती. येणारा प्रत्येक जण एकच गोष्ट बोलत होता. तिच्या हाताला चव होती. असा रस्सा पुन्हा मिळायचा नाही. ती हुशार होती, असं दिवसभरात एकही माणूस म्हणाला नाही.

आमचं गाव नेसरी. वडील शिक्षक, आणि शाळा सुटल्यावर चळवळीचे. घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वाटून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि पाढे पाठ होता होता पुढची बाजूही पाठ झाली. कॉलेजसाठी कोल्हापुरात आत्याकडं राहायला आलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि जगात काय चुकतंय ते मला माहीत होतं. आत्याच्या घरात काय चुकतंय ते तर पहिल्या आठवड्यातच समजलं. तिचे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, शिळं खात नसत. सकाळचं संध्याकाळी नाही, संध्याकाळचं सकाळी नाही. "शिळं खाणाऱ्याची अक्कल शिळी," असं ते म्हणत आणि ताटावर बसले की भाजी बोटानं चाचपून बघत. बुधवारी आणि रविवारी मटण, तेही दोन्ही वेळा वेगळं शिजवलेलं. कांदा-खोबरं भाजायचं, वाटायचं, रस्सा उकळायचा, भाकऱ्या थापायच्या. दुपारी दोनला आत्या स्वयंपाकघरातून बाहेर यायची आणि चारला परत आत जायची. मुलगी लग्न होऊन सांगलीला गेलेली, त्यामुळं हाताखाली कुणी नाही. मी घरात होतो, पण मी विचार करत असे.

मामांचा फाउंड्रीचा धंदा त्या वर्षात बरा चालला होता. त्यांनी स्वयंपाकघर नवं करायला काढलं आणि म्हणाले, त्याबरोबर फ्रीजही घेऊन टाकू. तेव्हा गल्लीतले सगळे फ्रीज बाहेरच्या खोलीत असत. कडीला क्रोशाचं झाकण, डोक्यावर प्लास्टिकची फुलं, आणि आलेल्या माणसाला गार पाणी देताना दार जरा जास्तच वेळ उघडं. आबांची पाण्याला हरकत नव्हती. पेटीत ठेवलेलं अन्न मात्र ते खाणार नव्हते. शाहूपुरीतल्या दुकानात आत्याबरोबर मामा आणि मी, दोघेही गेलो. विक्रेता मामांकडं बघून बोलत होता आणि प्रश्न आत्या विचारत होती. मागं भिंतीपासून किती जागा सोडायची? दार उजवीकडं उघडतंय, ते डावीकडं लावता येतं का? वरचा बर्फाचा कप्पा मोठा का नाही? आवाज किती येतो? आवाजाचं तिनं तीनदा विचारलं. विक्रेत्यानं शेवटी कुलूप दाखवलं. "वैनी, ह्याला चावी बी येती." "कुणापासनं लावायचं?" आत्या म्हणाली. तो हसला, आणि आम्ही काही न घेता परत आलो. रिक्षात मी तिला सांगितलं की फ्रीज ही श्रीमंतांनी एकमेकांना दाखवायची वस्तू आहे. "मग न दाखवायचा घिऊया की," ती म्हणाली.

आठ दिवसांनी घरी बाबालाल मिस्त्री आले. बर्फाच्या कारखान्यातली यंत्रं सांभाळणारा हा माणूस. सांगाल ते करून देतो म्हणायचा आणि द्यायचा. आत्यानं त्यांच्यापुढं माझ्याच एका पत्रकाची पाठ ठेवली. तिच्यावर पेन्सिलीनं भिंत काढली होती. नव्या स्वयंपाकघरात सागवानी दारांची पाच कपाटं. चारांत भांडी आणि धान्य. पाचव्याच्या दारामागं पोलादी पत्र्याचा गार कप्पा, खाली तेवढाच मोठा बर्फाचा, भोवती चार इंच थर्माकोल. बाहेरून पाचही दारं सारखी दिसली पाहिजेत.

"वैनी, आवाज नको म्हंजे मशीन घरात नको," मिस्त्री म्हणाले. "परसात बसवू. पाण्याची मोटार हाय त्या खोपीत. भिंतीतनं नळी आत घिऊ."

"मोटार बंद असताना आवाज आला तर?"

"मोटार चालू हाय म्हणून सांगा की!"

मामांना सगळं माहीत होतं. "मला काय, ताटात गरम आलं म्हंजे झालं," म्हणून त्यांनी हात झटकले. आबा ऊसतोडीसाठी दोन महिने शिरोळला शेतावर गेले होते, तेवढ्यात काम उरकलं. परत आल्यावर ते उंबऱ्यात उभे राहिले आणि दारं मोजली. "पाच कपाटं? एवढी भांडी तरी हायत का गं?" "हुतील की आबा," आत्या म्हणाली. आबा स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकत नसत, त्यामुळं विषय तिथंच संपला.

रविवारी सकाळी ती आठवड्याचं वाटण करून बर्फाच्या ट्रेमध्ये घालायची. त्याच्या तांबूस वड्या व्हायच्या, लागतील तेवढ्या काढायच्या. रस्सा एकदाच, आमटी एकदाच. भाकरी तेवढी ताजी, तिला इलाज नव्हता. संध्याकाळी सातला ती पाट्यावर उगाच दोन-चार वेळा वरवंटा फिरवायची, मग तेल तापवून मोहरी टाकायची आणि कालच्या आमटीवर ती चर्र करून ओतायची. "फोडणीचा आवाज आला की म्हाताऱ्याला बरं वाटतं," ती म्हणायची. एका गुरुवारी आबांनी वाटी तोंडाला लावून रस्सा संपवला आणि म्हणाले, "कालच्यापरास आजचा चढ झालाय बघ." तो कालचाच होता. मला पाणी पिता पिता ठसका लागला. आत्यानं माझ्या पाठीवर एक जोराची थाप मारली. ती ठसक्यासाठी नव्हती.

अशा तऱ्हेनं तिला चार ते सात असे तीन तास मिळाले. त्यात तिनं काय केलं? हा प्रश्न तेव्हा मला फार महत्त्वाचा वाटे. तिनं शिकावं, बायकांची एखादी मंडळी काढावी, निदान आमच्या सभांना यावं, असं माझ्या मनात होतं. मी तिला पुस्तिका आणून दिल्या. तिनं त्या नीट रचून ठेवल्या आणि वाचल्या नाहीत. ती वाचनालयातून रोज एक रहस्यकथा आणायची आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाय लांब करून वाचायची. खून कुणी केला ते तिला निम्म्यातच कळायचं, तरी ती शेवटपर्यंत जायची. मी विचारलं, कळलंय तर पुढं का वाचतेस? "कळलं म्हणून काय झालं... बसाय मिळतंय की," ती म्हणाली. मी खाली आलो. मला ते उत्तर लहान वाटलं होतं.

हे दीड वर्ष चाललं. पुढं जे झालं ते मी केलं. त्या आठवड्यात आमच्या गटानं घरकामावर एक पत्रक काढायचं ठरवलं होतं आणि मजकूर मी आत्याच्या ओट्याशेजारी बसून, तिनं केलेला चहा पीत लिहिला होता. रविवारी शिरोळचे पाहुणे जेवायला आले. आबा त्यांना सांगू लागले, "लोकांच्यात त्या पेट्या आल्या आणि बायका आळशी झाल्या. आमच्या इंदूला इचारा. ह्या घरात शिळा घास न्हाई." आत्या वाढत होती. तिचा चेहरा जसा रोज असे तसाच होता, आणि तेच मला सहन झालं नाही. मी उष्ट्या हातानं उठलो, समोरच्या स्वयंपाकघरात गेलो आणि सगळ्यांना दिसेल असं डाव्या हातानं पाचवं दार उघडलं. गार वाफ बाहेर आली. मी म्हणालो, "आबा, तुम्ही आत्ता खाताय तो रस्सा काल दुपारचा आहे. दीड वर्ष असाच आहे, आणि तुम्हाला काही झालेलं नाही." त्यानंतर मी जे बोललो ते पत्रकातलं होतं. लपवणं ही गुलामी आहे, हक्क उजेडात मागायचा असतो, वगैरे. मामा ताटाकडं बघत राहिले. आत्या पळी हातात घेऊन उभी होती. माझं संपल्यावर ती म्हणाली, "दार लाव. गार बाहेर जातंय."

आबा ओरडले नाहीत. त्यांनी ताटातलं संपवलं, पाहुण्यांना आग्रह केला. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी आपली खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणून ठेवली. "बसतो हितं. वारा बरा लागतोय." तिथं वारा अजिबात येत नाही. ते रोज चार ते सात तिथं बसू लागले, कांदा चिरण्यापासून भाकरी उतरेपर्यंत. वाचनालयाचं शेवटचं पुस्तक मीच परत करून आलो. काही दिवसांनी आत्यानं मिस्त्रींना बोलावून मशीन बंद करवलं आणि पाचव्या कपाटात पापडाचे डबे ठेवले.

महिन्याभरानं, आबा क्षणभर उठून मोरीकडं गेले असताना, मी तिला म्हणालो की निदान आता खोटं तरी उरलं नाही. ती भाजी चिरत होती. "तुला काय वाटलं, मी भितो म्हणून लपवलं?" तिनं विचारलं. "भांडून मिळवलं असतं तर रोज भांडून राखाय लागलं असतं. मला भांडायचं न्हवतं रे... मला वाचायचं हुतं." आबांच्या चपलांचा आवाज आला आणि ती पुन्हा भाजी चिरू लागली. मी माफी मागितली नाही. मी खरं बोललो होतो, आणि खरं बोलणाऱ्यानं माफी मागायची असते हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

आबा पुढं सहा वर्षं जगले. ते गेल्यावर मी तिला म्हणालो, आता चालू कर की मशीन. "सवय मोडली," ती म्हणाली. गच्चीवर बसलं तर पाठ दुखते, चष्मा बदलायचा आहे, अशी कारणं तिनं सांगितली. त्यानंतर वर्षभरात ती गेली.

गेल्या आठवड्यात मी मामांना भेटायला गेलो. सांगलीची मुलगी चार दिवसांचं करून ठेवून परत गेली होती. मामांनी मला बसवलं, पाचवं दार उघडलं आणि आतून स्टीलचं पातेलं काढलं. थंडगार. मिस्त्रींकडून त्यांनी मशीन पुन्हा सुरू करून घेतलं होतं. गॅसवर आमटी गरम केली, मला वाढली, स्वतः घेतली. "सोमवारची हाय," ते म्हणाले. आज गुरुवार, असं मी म्हणालो. "काय होत न्हाई रे तिला. उलट मुरती," असं म्हणून त्यांनी आणखी एक वाटी घेतली.

त्या घरात हे एक वाक्य कुणी तरी म्हणायला हवं होतं. आत्यानं म्हणून उपयोग नव्हता. मी म्हणालो, पण मी पाहुणा, आणि मला ते जिंकायला हवं होतं. आबांच्या पंक्तीला, त्यांच्या देखत, आमटी भुरकता भुरकता मामांनी ते म्हटलं असतं तर खुर्ची हलली नसती. मामा वाईट नाहीत. त्यांच्या ताटात गरम येत होतं, एवढंच. गरम ताटासाठी बायकोचं आयुष्य चुलीला बांधणाऱ्यांना मी आजही माफ करत नाही, आणि त्यांच्या यादीत माझंही नाव आहे. त्या दीड वर्षात, आणि त्यानंतरही, मी त्या घरात एकदाही भाकरी थापली नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्या पुरुषांना एक काम सांगतो. आज संध्याकाळी ताटावर बसाल तेव्हा, घरात जे कुणी वडीलधारं असेल त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, की उद्या संध्याकाळी आजचंच खाऊ, शिजवायचं नाही. तिनं म्हणायची वाट बघू नका. उद्या गरमही तुम्हीच करा. आणि त्या वेळात ती काय करते, हे तिला विचारू नका.