दहा दिवस आधीची तारीख

अर्धा रस्ता सरला तरी तारीखबाई रिक्षाचं नाव काढेना, तेव्हा ताईंच्या मनात पाल चुकचुकली. एरवी ही बाई दोन चौकसुद्धा चालायची नाही. आज रुग्णालयातून बाहेर पडताच म्हणाली, "ताई, चालत जाऊया." अ‍ॅपच्या तपासणीवर खापर फोडायचं असणार, दुसरं काय! अ‍ॅपमधल्या चुका शोधायचं काम ताईंकडे होतं.

रुग्णांना घरबसल्या नंबर लावून देणारं ते अ‍ॅप पंचवीस तारखेला द्यायचं होतं. पंचवीस उलटली तरी अजून अडकलेलंच होतं. रुग्णालयाच्या मॅडमनी आज बसाही म्हटलं नाही. "उद्या शेवटची तारीख द्या. ती चुकली तर काम दुसरीकडे." म्हणजे चौघांची टीम मोडलीच.

तारीखबाई हे नाव टीमनेच ठेवलेलं. कोणी काय करायचं, कधी द्यायचं, हे ती ठरवायची. माणूस वाईट नव्हतं, पण टीमवर विश्वास काडीचा नाही. ग्राहकाला पंचवीस सांगायची आणि टीमला पंधरा.

"ताई, पंधरा तारखेला सगळे निवांत होते. कोणीतरी पंचवीसचं फोडलं."

ताईंनी मनात देवाचं नाव घेतलं. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"मी फोडलं. प्रिंटरवर मॅडमना लिहिलेलं तुझं पत्र पडलं होतं, त्यात पंचवीस. इथे पोरं डबा उघडायलाही उठत नव्हती. बघवेना मला."

"वाटलंच होतं."

"मग तेव्हाच विचारायचंस!"

"तुम्ही खरं सांगितलं असतंत. मग मी कुठे तोंड लपवलं असतं?"

ताईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. ही गोड बोलून कबुली काढते आणि उद्या कंपनीच्या साहेबांपुढे ठेवते की काय?

तारीखबाईने पर्समधून कागद काढला. "आजपासून अठ्ठावीस दिवस. मॅडमना हीच, टीमलाही हीच."

ताईंनी कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"मागे काही नाही हो!"

"बघितलेलं बरं."

"तेच म्हणते मी. तुम्हीसुद्धा उलटून बघता. मी सांगितली तर प्रत्येक जण मनात दहा दिवस वाढवून बसेल, आणि हीही हुकेल." तिने कागद ताईंच्या हातातच राहू दिला. "ताई, उद्या टीमला तारीख तुम्ही सांगा. आधी एकेकाचं काम मोजून बघा. पटली तरच सांगा."