लाखोरीची साक्ष

पंच फुटतात. अन्नसुरक्षेच्या नोकरीत हे धरूनच चालायचं. नमुना घेताना ज्याने पंचनाम्यावर सही केली, तोच कोर्टात सांगतो, मॅडमनी कोऱ्या कागदावर सही घेतली. अशा हातातून गेलेल्या केसेस आठवल्या तरी माझं डोकं तडकतं.

म्हणून दवनीवाड्याचे मामाजी भेटले तेव्हा मी हरखले होते. ते धानाचे शेतकरी, मीठ घ्यायला दुकानात आले आणि आमचे पंच झाले. मी नमुना घेतला होता बेसनाच्या पाकिटांचा. तपासणीत त्यात निम्म्याहून जास्त लाखोरीच्या डाळीचं पीठ निघालं. लाखोरी हरभऱ्यापेक्षा स्वस्त, दळल्यावर रंग तसाच. पाकिटावर मात्र ठसठशीत 'शुद्ध चना बेसन'.

"मैडम, यहाँ तो सब यही खाते हैं," ते बेसन दळून विकणारा गोंदियाचा गिरणीवाला म्हणाला होता. रोज भरपूर लाखोरी पोटात गेली तर पाय लुळे पडू शकतात, म्हणून हा गुन्हा आहे, असं मी त्याला सुनावलं. तो हसला. त्या हसण्यामुळेच मला ही केस जिंकायची होती.

मामाजींना त्याच्या माणसांनी गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, दमही दिला. ते बधले नाहीत. "जे पायलं ते सांगन. मले कोनाचा भेव नाई."

आणि त्यांनी खरोखर सांगितलं. पाकीट कोणत्या फळीवरून काढलं, सील कसं लावलं, सगळं. मी मनातल्या मनात निकालसुद्धा लिहून टाकला. मग गिरणीवाल्याचा वकील उठला.

"तुम्ही स्वतः लाखोरी खाता का?"

"खातो ना. बांधीत धान उभा रायते तवाच तिचं बी फेकतो. घरी तिचंच वरन."

"कधीपासून?"

"आईच्या मांडीवर होतो तवापासून."

"पाय कसे आहेत?"

मामाजींनी खाली पायांकडे पाहिलं. "चांगले हायेत जी. बसस्टँडवरून पायीच त आलो."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले. प्रश्न लाखोरी खाण्याचा नाही, ती हरभरा म्हणून विकण्याचा आहे, हे विचारा ना, असं मी आमच्या वकिलांच्या कानाशी लागून सांगत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि फाईल मिटली.

अपाय सिद्ध झाला नाही. खोट्या लेबलाचा किरकोळ दंड भरून गिरणीवाला मोकळा झाला. मला मामाजींचा भयंकर राग आला होता. ते खोटं बोलले असते तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

पुढे दुसऱ्या एका तपासणीला दवनीवाड्याला गेले, तर त्याच दुकानात मामाजी उभे. मला पाहून तोंडभर हसले.

"म्याडम, जितलो ना आपन? मी त सप्पा खरं सांगतलं."

त्यांच्या हातात तेच पाकीट होतं. तेच नाव, तीच ठसठशीत अक्षरं.

"नात येऊन राहिली," ते म्हणाले, "भजे पायजे तिले. आता त केस झाली, आता हे शुद्धच असन."

मी ते पाकीट त्यांच्या हातातून घेतलं आणि परत फळीवर ठेवलं.

"घरचीच लाखोरी दळून आणा, मामाजी. तिचेच भजे करा."

त्यांचं हसू मावळलं. एकदा त्यांनी फळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मंग केस कायले केली, म्याडम?"

दुकानदार पाकीट सरळ करून ठेवत होता.