नदीत उभा राहिलेला घोडा

तो गेम घरात मी आणला आणि मीच आधी सोडला. अंधेरीच्या ऑफिसात सगळे त्याबद्दल बोलायचे म्हणून घेतला होता. भलंमोठं जग, डोंगर, जंगलं, नद्या, आणि त्यात कुठकुठची खरी माणसं एकाच वेळी घोड्यावरून फिरतायत. महिनाभर खेळले. पोचायचं कुठेच नसतं, संपत काहीच नाही, नुसती लाकडं तोडा आणि हरणं शोधा. कुणी विचारलं की खेळावा का, तर मी सरळ सांगायचे, वेळ फुकट जातो.

आई मात्र त्यात रमली. ती पालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स होती. रिटायर झाल्यावर घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत तिला करमेना. एका दुपारी माझ्या कॉम्प्युटरवर बसली आणि मग रोजच बसायला लागली. हेडफोन लावून ती एका गृहस्थांशी बोलत असायची. ते मुलुंडला एकटे राहतात, बायको वारली, मुलगी पुण्याला असते, एवढंच तिला ठाऊक होतं. ते तिला सिस्टर म्हणायचे, ती त्यांना भाऊ. दोन वर्षं दोघं त्या जंगलात सोबत हिंडत होते.

"आई, त्यांचं आडनाव तरी माहितेय का तुला?" मी एकदा चिडवलं.

"नाही. आणि त्यांनीही माझं विचारलेलं नाही," ती म्हणाली. "आडनाव विचारलं की लोक पुढचं सगळं ओळखतात. इथे तो त्रास नाही."

त्या दिवशी मी ऑफिसच्या लॅपटॉपवर घरूनच काम करत होते. आई शेजारीच खेळत होती. मध्येच ती हसली. "भाऊ, घोडा नदीत का घातलात? बाहेर काढा ना." मग परत, "भाऊ?" आणि मग तिचा आवाज बदलला. इतका की मी वर बघितलं. पडद्यावर त्यांचा घोडा पाण्यात उभा होता, मान एकीकडे वळवून, हलतच नव्हता.

"दोन्ही हात वर करा," आई म्हणाली. "दोन्ही. उजवा जातोय का वर?"

तिने हेडफोनची पिन उपटली, तसा त्यांचा आवाज खोलीत आला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. शब्द नव्हतेच, जड जिभेने काहीतरी घोळवल्यासारखं येत होतं.

"पॅरालिसिसचा अटॅक आहे," आई मला म्हणाली. "गाडी बोलाव."

"कुठे बोलावू?"

आईने माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षं रोज बोलत होती ती त्या माणसाशी, आणि तिच्याकडे त्याचा पत्ता नव्हता, फोन नंबर नव्हता. माणूस आमच्या खोलीत श्वास घेत होता आणि तो मुलुंडात नेमका कुठे आहे ते आम्हाला माहीत नव्हतं.

आई सावरली. "भाऊ, बोलू नका. डाव्या हाताने टाईप करा. बिल्डिंगचं नाव. सावकाश. मी इथेच आहे."

एकेक अक्षर उमटायला लागलं. चुकीचं, पुसून परत, मग पुन्हा चुकीचं. तरी त्यातून बिल्डिंगचं नाव जुळलं, पुढे ३०२ असा आकडा आला. मी रुग्णवाहिकेला तो पत्ता दिला. मग नकाशावर ती बिल्डिंग शोधली, तर खाली एक मेडिकलचं दुकान दिसलं, त्याचा नंबर होता. फोन लावला. दुकानदाराला काय सांगतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. "दादा, वर तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात ते... त्यांना अटॅक आलाय, प्लीज वर जा." त्याने कोण, कुठून, काही विचारलं नाही.

आई तोवर त्यांना सांगत होती, "दाराची कडी काढता आली तर काढा. उभे राहू नका, बसून सरका." मग नुसतं घसटत गेल्याचं ऐकू आलं. काहीतरी पडलं. नंतर बराच वेळ काही नाही. आईने टेबलाची कड धरून ठेवली होती. शेवटी दार वाजलं, पावलं आली, आणि कुणीतरी म्हणालं, "अहो काका, मी आहे, खालचा मेडिकलवाला." तेव्हा आई खाली जमिनीवर बसली. तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांना कुठे नेलं ते मेडिकलवाल्याला विचारून संध्याकाळी आम्ही रुग्णालयात गेलो. खाटेवरचा माणूस आईला ओळखूच आला नाही. आवाजावरून तिने उंच, भरदार माणूस मनात धरला होता. हे तर अगदी किरकोळ अंगाचे होते. पुण्याहून आलेल्या मुलीने विचारलं, "तुम्ही कोण?"

"आम्ही सोबत खेळतो," आई म्हणाली.

वडिलांनी मुलीला गेम कधीच सोडल्याचं सांगितलं होतं. "दिवसभर त्या खुर्चीत बसूनच हे झालं," ती म्हणाली. आईने वाद घातला नाही. वेळेत आणलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले होते, तेही तिने सांगितलं नाही.

पुढे महिनाभर आईने कॉम्प्युटर लावला नाही. मी तर अजूनही तो गेम खेळत नाही. पण परवा ऑफिसात कुणीतरी विचारलं, घ्यावा का, तर मी विचारलं, सोबत कोण असणार आहे?

एका रविवारी त्या मुलीचा फोन आला. "बाबांना तुमच्याशी बोलायचंय." आईने फोन कानाला घट्ट लावला. पलीकडून हळूहळू काहीतरी बोलणं चाललं होतं, आई नुसती "हं, हं" करत होती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"अर्धं कळलं नाही," आई म्हणाली. "पण जीभ सुटायला लागलीय."